पेटीची किल्ली

आमच्या ले-आऊटच्या मैदानात कडुनिंबाखाली एक लोखंडी पेटी आहे, साखळीनं खांबाला बांधलेली. आत अकरा बॉल, एक हातपंप, हवा भरायच्या दोन पिना (त्यातली एक कायम वाकलेली), फक्कीची अर्धी थैली आणि कुणाचा तरी एकाच पायाचा बूट. तो न्यायला सहा वर्षांत कोणी आलेलं नाही. या पेटीची किल्ली पहिली आठ वर्षं माझ्या गाडीच्या किल्लीला लटकलेली असे. ती तिथून सुटली त्यात माझं शहाणपण काही नव्हतं, रस्त्यातल्या एका खड्ड्याची ती कृपा.

मी शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, पोरांच्या भाषेत पीटीचा सर. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो, विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळलो आणि नागपुरात नोकरीला लागलो. नागपूरला या खेळाचं वेड जुनं. धरमपेठ, धंतोली, शिवाजीनगर या भागांत मंडळांच्या कोर्टांवर पिढ्या खेळल्या. आमचं ले-आऊट त्या सगळ्यापासून लांब, रिंग रोडच्या पलीकडे. मी ज्या शाळेत शिकवत होतो तिथलं कोर्ट झकास होतं, पण पाच वाजले की फाटकाला कुलूप. संध्याकाळी पोरांना खेळू द्या म्हणून दोनदा अर्ज केला. काच फुटली तर कोण भरणार, असं उत्तर आलं. कोर्टाच्या जवळपास एकही काच नव्हती, पण ते जाऊ द्या.

ले-आऊटच्या मोकळ्या जागेत सिमेंटचा एक चौथरा होता आणि दोन टोकांना गंजलेले दोन खांब. कुठल्या तरी जुन्या मंडळाची ती हौस. एका रिंगला अर्धी जाळी, दुसऱ्या रिंगला नुसतंच आकाश. तिथे मी उन्हाळी शिबिर सुरू केलं. पंधरा एप्रिलला सकाळी सहाला बासष्ट पोरं-पोरी हजर. टी-शर्ट, टोपी, शिट्टी, रांगा. दहा मिनिटं धावणं, पंधरा मिनिटं ड्रिबल, मग पासिंग, मग ले-अप. मॅच फक्त शनिवारी, तीही शिस्तीत वागलात तर. मे महिन्यात आठ वाजता सिमेंट असं तापायचं की बुटातून चटका लागे, म्हणून पावणेआठला सुट्टी. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर गर्दी टिके. शाळा उघडल्या की नऊ पोरं उरत. पुढच्या वर्षी पुन्हा साठ, पुन्हा नऊ. आठ वर्षं हा हिशोब चुकला नाही.

दोष द्यायला माझ्याकडे यादी तयार होती. ट्यूशन, मोबाईल, क्रिकेट, आईबाप. शिट्टीचं नाव त्या यादीत कधी आलं नाही.

त्या काळात पोरं जमवायला मी घरोघर हिंडायचो आणि एक थाप हमखास मारायचो, ती इथे कबूल करून टाकतो. आयांना सांगायचो, "बास्केटबॉलनं उंची वाढते." हे वाक्य नाणं टाकल्यासारखं चालतं. दुसऱ्या दिवशी पोरगं दारात उभं! खरं तर उंची आईबापाकडून येते आणि ताटातून येते. उंच खेळाडू उंच दिसतात कारण उंच पोरं निवडली जातात. मला हे शिकताना शिकवलं होतं, तरी मी थाप मारत राहिलो. शेवटी एक बाई दोन वर्षांनी भाजी बाजारात भेटल्या, मेथीची जुडी हातात धरून म्हणाल्या, "सर, दाराच्या चौकटीवर खूण करून ठेवली होती मी. बोटभरबी वाढला नाही." मी त्यांना काय उत्तर दिलं ते आठवत नाही, त्या दिवशी भाजी न घेताच घरी आलो हे आठवतं.

मग तो जुलै. पावसात खड्डा दिसला नाही, गाडी गेली आणि उजव्या पायाचं हाड मोडलं. चार महिने घरी. दवाखान्यातून आलो त्याच संध्याकाळी एक पोरगा दारात. चौदा वर्षांचा, इतका बारीक की सगळे त्याला काडी म्हणत. "सर, किल्ली." मी दिली. तो लायक होता म्हणून दिली असं नाही. त्याचं घर मैदानाला लागून होतं आणि माझा पाय दुखत होता.

मैदान माझ्या घरापासून दोन गल्ल्या लांब. दिसत नाही, पण ऐकू येतं. पलंगावर पडून मी कानांनी खेळ बघायला शिकलो. सिमेंटवर बॉल पडतो तो आवाज भरीव, बोर्डाला लागतो तो पोकळ, रिंगला लागतो तेव्हा लोखंड थोडं गुणगुणतं. जाळीतून साफ गेला तर काहीच ऐकू येत नाही, त्यानंतरची आरोळी तेवढी येते. पहिल्या आठवड्यात एक-दोन बॉलचे आवाज. पोळ्यापर्यंत चार-पाच. गणपतीत पावसाची झड लागली तरी आवाज थांबेना. बर्लिनच्या 1936 च्या ऑलिम्पिकमध्ये बास्केटबॉलची अंतिम मॅच उघड्या मैदानावर, पावसाच्या चिखलात झाली होती. ड्रिबल करणंच अशक्य झालं आणि अमेरिकेनं कॅनडाला अवघ्या 19 विरुद्ध 8 असं हरवलं. त्याच ऑलिम्पिकला आमच्या अमरावतीच्या मंडळाचं पथक देशी खेळ दाखवायला गेलं होतं, म्हणून ते वर्ष माझ्या डोक्यात पक्कं. पडल्या पडल्या मला वाटे, आपल्या चौथऱ्यावर सध्या बर्लिनच चालू आहे.

कोजागरीच्या सुमारास कुबडी घेऊन गेलो. तीस-पस्तीस पोरं. जी शिबिरातून पळाली होती तीही, आणि ज्यांना मी कधी पाहिलं नव्हतं अशी, रेल्वेलाईनपलीकडच्या वस्तीतली, चपला कडेला काढून अनवाणी खेळणारी. त्यांचा एकच कायदा होता: हारे सो बाहर. (नागपूरची पोरं घरी मराठी, मैदानावर हिंदी. त्याला इलाज नाही.) पाच बास्केट आधी ज्यांचे, ती टीम टिकणार. हरली ती टीम रांगेत मागे, म्हणजे तीन मॅच बसून राहा. फाऊल ज्याला लागला त्यानं सांगायचा. वाद झाला तर ज्याच्यावर आरोप त्यानं फ्री थ्रो मारायचा, गेला तर खरा, नाही गेला तर खोटा. न्याय म्हणून हे हास्यास्पद आहे, पण वाद अर्ध्या मिनिटात मिटत होता. माझ्या शिट्टीनं तो पाच मिनिटं चाले.

कोणाचाही डाव्या हाताचा ले-अप धड नव्हता. पावलं चुकत होती. पण एक पोरगा, ज्याला दोन उन्हाळे "पास दे, पास दे" म्हणून माझा घसा बसला होता, तो न सांगता पास देत होता. न दिला आणि हरले, तर तीन मॅच बसावं लागणार होतं. माझ्या ओरडण्यापेक्षा ती रांग चांगली मास्तर निघाली.

मी काडीला विचारलं, "एवढी पोरं कशी आणलीस रे?"

तो घाबरला. म्हणाला, "मी नाही आनली सर. ते येऊन राह्यले." मग जरा थांबून, खाली बघत, "तुम्ही नसले का मजा येते."

हे वाक्य पचवायला मला बरेच दिवस लागले. मदतीला धावून आला तो खुद्द या खेळाचा बाप. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफील्डला वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत एक वर्ग कोणाला आवरत नव्हता. बाहेर हिवाळा, आत कवायतीला कंटाळलेले अठरा तरुण. दोन शिक्षकांनी हात टेकले होते. तिसरा जेम्स नेस्मिथ. त्याला चौदा दिवसांत काहीतरी नवा खेळ काढ असं सांगितलं गेलं. त्यानं व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. सज्जा दहा फुटांवर होता, म्हणून रिंग आजही दहा फुटांवर. तेरा नियम लिहून भिंतीवर लावले आणि नऊ-नऊ जण सोडून दिले. म्हणजे हा खेळ मुळात शिस्त न पाळणाऱ्यांसाठी निघालेला, आणि मी आठ वर्षं तो शिस्तीचं बक्षीस म्हणून शनिवारी वाटत होतो. हा नेस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठाचा कोच झाला. तिथे तो 55 मॅच जिंकला, 60 हरला. हरलेल्या मॅच जास्त असलेला त्या विद्यापीठाचा तो एकटाच कोच. सांगतात की त्याचा शिष्य फॉरेस्ट अॅलन कोच व्हायला निघाला तेव्हा नेस्मिथ त्याला म्हणाला होता, अरे, हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो. अॅलननं ऐकलं नाही आणि तो अमेरिकेतल्या थोर कोचांपैकी एक झाला. दोघांत खरं कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

खरं म्हणजे असा खेळ मी तरुणपणी पाहिला होता, फक्त कळला नव्हता. विद्यापीठाच्या टीमबरोबर मुंबईला गेलो असताना एक संध्याकाळ नागपाड्याला काढली. दाटीवाटीची वस्ती, आणि तिच्या पोटात बास्केटबॉल. तिथलं नेबरहूड हाऊस क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकी मिशनऱ्यानं उभारलं. पुढे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालेल्या संस्थेचा तोच पहिला संचालक. भारताचे कर्णधार अब्बास मूंतसीर, 1970 चे अर्जुन पुरस्कारवाले, याच मोहल्ल्यातले. मला मात्र लक्षात राहिली ती कोर्टाच्या कडेची म्हातारी माणसं. हातात चहा, आणि प्रत्येक पासवर शेरा. पोरगं चुकलं की चार आजोबा एकदम बोलायचे आणि पोरगं त्यातल्या एकाचंच ऐकायचं. कोच कोण ते शेवटपर्यंत समजलं नाही. तेव्हा मी मित्राला म्हणालो होतो, "इथं काही सिस्टीमच नाही यार."

आता एवढं वाचून कोणी समजेल की पोरांना बॉल देऊन सरांनी घरी जाऊन झोपावं. मीही चार दिवस तसंच समजलो होतो. पाचव्या दिवशी पेटीवर बसून जरा नीट बघितलं. शिबिरात वीसेक मुली असत. आता दोन होत्या, आणि त्या गुण मोजत होत्या. आठ-नऊ वर्षांची सात-आठ पोरं नालीतून बॉल काढून आणण्यासाठी ठेवल्यासारखी कडेला उभी. जिंकेल तो टिकेल या कायद्यात जो आधीच चांगला तोच दिवसभर खेळणार. दांडगे कोर्टात, बाकीचे काठावर. पोरांच्या राज्यात मजा होती, पण ते दांडग्यांचं राज्य होतं.

तिथे मी हात घातला, आणि त्याबद्दल मला काडीमात्र पश्चात्ताप नाही. आमच्या ले-आऊटमधल्या ग्रील बनवणाऱ्या वेल्डरला धरून खांबाच्या मागच्या बाजूनं दुसरी रिंग लावून घेतली, साडेआठ फुटांवर. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलची उंची तीच. नऊ वर्षांच्या पोराला दहा फुटांची रिंग म्हणजे तुम्हाआम्हाला दुसऱ्या मजल्याची खिडकी. ते पाच नंबरचा बॉल दोन्ही हातांनी मांडीपासून उडवतं आणि आयुष्यभर तसंच फेकायची सवय लागते. साडेआठ फुटांवर पहिल्याच संध्याकाळी एका पोराचा बॉल जाळीतून गेला. तो बास्केट पडल्यावर ओरडला नाही. रिंगखाली जाऊन, मान वर करून, जाळी हलायची थांबेपर्यंत बघत राहिला.

मुलींचं काम त्याहून अवघड होतं आणि त्याचा बास्केटबॉलशी फारसा संबंध नव्हता. स्प्रिंगफील्डची टोपली लागल्यावर काही महिन्यांतच, 1892 मध्ये, जवळच्या स्मिथ कॉलेजात मुली हा खेळ खेळू लागल्या होत्या. आमच्या ले-आऊटच्या मुली बाराव्या-तेराव्या वर्षी का गळतात? मी इतकी वर्षं समजत होतो की त्यांना आवड नसते. त्या गुण मोजणाऱ्या दोघींपैकी एकीला विचारलं. ती म्हणाली, "सर, अंधार होते अन् बाथरूम नाही." बस, एवढंच. आठ वर्षांत मी हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता. पाळी सुरू झाली की चार तास मैदानावर राहायचं कसं, हे कोणी मला सांगणार नव्हतं आणि मला सुचणार नव्हतं. मैदानाला लागून एक आजी राहतात, त्यांच्या अंगणात बाहेरून दार असलेला संडास आहे. माझ्या बायकोनं जाऊन बोलणं केलं. आजींनी अट घातली, पाणी टाकायचं आणि मोगऱ्यावर बॉल मारायचा नाही. दिव्याचं काम वर्गणीतून झालं. दोन मोठे एलईडी दिवे, वीज एका घरच्या मीटरवरून, बिलातला वाटा महिन्याच्या महिन्याला.

मग दुसरी किल्ली बनवली आणि ती त्या मुलीला दिली. मंगळवार, गुरुवार, शनिवार पाच ते सव्वासहा पेटी मुलींची. पोरं चिडली. काडी म्हणाला, "सर, त्या सहाच हायेत. अख्खं कोर्ट?" मी म्हटलं, "सहाच हायेत म्हणून." 2017 च्या जुलैमध्ये बंगळुरूला भारताच्या मुलींनी आशिया कपच्या ब गटाच्या अंतिम मॅचमध्ये कझाकस्तानला दोन गुणांनी हरवलं, त्या टीममध्ये पुण्याची शिरीन लिमये होती. तोवर आमच्या सहाच्या चौदा झाल्या होत्या. पेटीवर मोबाईल उभा करून त्या मॅचची दृश्यं सगळ्यांनी बघितली. त्या आठवड्यात प्रत्येकीला शिरीन व्हायचं होतं आणि कोणीच डिफेन्सला थांबेना.

गळतीचं दुसरं दार दहावी. याला औषध सापडलं असं मी म्हणणार नाही. नववीची परीक्षा संपली की पोरगं नाहीसं होतं. बाप विचारतात, "यानं पोट भरते का सर?" पूर्वी मी खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचं, सवलतीच्या गुणांचं, रेल्वेतल्या नोकऱ्यांचं सांगायचो. ते खोटं नाही, पण आमच्या चौथऱ्यावरच्या शंभरात एखाद्याच्या वाट्याला येईल. आता सरळ सांगतो, "नाही भरत. रविवारी सकाळी दीड तास पाठवा, बाकी सहा दिवस तुमचे." दहावीच्या पोरांना रविवारी पंच करतो. शिट्टी त्यांच्या गळ्यात. थकवा कमी, मान जास्त, आणि बारावीनंतर त्यातले बरेच परत येतात.

एक मात्र परत आला नाही. हाताला जन्मजात गोडी असलेला पोरगा, कुठूनही मारला तरी बॉल मऊ पडायचा. जिल्ह्याच्या निवडीसाठी मी त्याच्या मागे लागलो. पहाटे साडेपाचला बोलवायचो, आणि एकदा उशीर झाला म्हणून त्याच्या बापासमोर, सगळ्यांदेखत, वाट्टेल ते बोललो. तो काही बोलला नाही. बॉल पेटीत ठेवला, पेटी लावली आणि गेला. आता एका दुचाकीच्या शोरूममध्ये आहे. रस्त्यात भेटला की गाडी थांबवून वाकून नमस्कार करतो. मैदानाचा विषय मी काढत नाही, तोही काढत नाही.

लग्नसराईत अर्ध्या कोर्टावर मांडव पडतो. सुरुवातीला मांडववाले सिमेंटमध्ये पहारीनं भोकं पाडून बल्ल्या रोवायचे आणि पोरांचे घोटे मुरगळायचे. भांडून उपयोग झाला नाही. मग मोठ्या पोरांनीच तोडगा काढला: मांडव फक्त पाण्याच्या टाकीकडच्या अर्ध्यात, बल्ल्या वाळूच्या डब्यांत, आणि बदल्यात पोरं खुर्च्या लावून देणार. उरलेल्या अर्ध्यात तिघा-तिघांची मॅच. हा प्रकार टोकियो ऑलिम्पिकमध्ये 2021 साली पहिल्यांदा आला. एक रिंग, दहा मिनिटं किंवा एकवीस गुण, बारा सेकंदांत बॉल मारलाच पाहिजे. आमच्या पोरांना वाटतं तो मांडववाल्यांमुळे निघाला. मागच्या वैशाखात नवरदेव स्वतः सूट सावरत दोन बास्केट मारून गेला.

किल्ल्या आता चार आहेत. एकही माझ्याकडे नाही. मी संध्याकाळी जातो, पेटीवर बसतो, डाव्या हाताचा ले-अप दिसला की तोंड उघडतो. नागपाड्याच्या आजोबांसारखं कोणी ऐकतं, कोणी नाही.

परवा आठ वाजता दिवे मालवायची वेळ झाली. किल्लीवाली मुलगी (पहिली नव्हे, ही तिसरी, सातवीत आहे) बॉल मोजत पेटीपाशी आली. "सर, उठा, पेटी लावायची हाये." मी उठलो. तिनं एकेक आत टाकला. दहा. पुन्हा काढून मोजले. दहाच. "एक कमी हाये. नालीत गेला असंन." मी म्हटलं, उद्या बघू. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं गाडीपाशी गेलो.

"हेडलाईट लावा न सर. तिकडं नाही, इकडं. अजून थोडं डावीकडे घ्या."

मी गाडी डावीकडे घेतली.